शनिवारची मुंबई

खालाच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं एक बुटकं कपाट आहे. वरच्या फळीवर रेहल आणि कुराणशरीफ, मधल्या फळीवर पाहुण्यांचे कप, आणि खालच्या फळीवर अत्तराच्या कुप्या. मजमुआ, खस, शमामा, गुलाब, ऊद. वीसेक तरी असतील. बऱ्याचशा आता कोरड्या पडल्यात, पण खाला त्या टाकू देत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी तिचा मुलगा शनिवारी मुंबईला जायचा आणि रविवारी सकाळी एक कुपी घेऊन यायचा. जुम्म्याला शेजारणी आल्या की खाला मनगट पुढे करून म्हणायची, "मेरा बच्चा बंबई जाके भी मेरे को नहीं भूलता."

ते अत्तर कुलाब्याच्या आर्थर बंदर रोडवरून यायचं. त्या रस्त्यावर अत्तराची दुकानं पूर्वीपासून आहेत, अरब गिऱ्हाईकही पूर्वीपासून. पण मुलगा तिथं अत्तरासाठी जात नव्हता, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

तो माझा खालाजाद भाऊ, माझ्याहून सहा-सात महिन्यांनी लहान, म्हणून मी 'बाजी'. हे लिहिण्याआधी त्याला विचारलं. "लिख, पर मेरा नाम मत डाल," म्हणाला. नाव नाही घालत. ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत.

२००३ च्या आसपासची गोष्ट. मी बी.एड. करून उर्दू शाळेत लागले होते, मराठी शिकवत होते. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्या काळात नाशिकमध्ये घरोघरी कॉम्प्युटर येत होते आणि त्याच्याकडे कामाची रीघ होती. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळत. शनिवारी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस, दुपारपर्यंत लॅमिंग्टन रोड, रात्री 'दोस्त के यहाँ' मुक्काम, आणि रविवारी पहाटे व्हीटीहून तपोवन. दहाच्या सुमाराला तो नाशिकरोडला उतरलेला असायचा. एका खांद्यावर मदरबोर्ड, रॅम आणि हार्डडिस्कची बॅग, खिशात अत्तराची कुपी. यात खोटं काही नव्हतं. फक्त मधली रात्र सांगितलेली नव्हती.

मला कळलं ते त्याच्या बॅगेमुळे. माझ्या घरचा कॉम्प्युटर उघडून बसला होता, "बाजी, स्क्रू ड्रायव्हर दे" म्हणाला, आणि मी बॅगेत हात घातला तर एक पातळ मासिक हाती आलं. 'बॉम्बे दोस्त'चा जुना, मळलेला अंक होता. मी दोन पानं चाळली आणि परत ठेवलं. संध्याकाळी तोच गच्चीवर आला. कठड्याच्या बाजूला मगरिबची अजान संपेपर्यंत गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "देख लिया ना तूने?"

मी काय बोलले ते मला आजही शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "हा एक टप्पा असतो, निघून जातो." बी.एड.ला बालमानसशास्त्र होतं आम्हाला. किशोरवयीन मुलांच्या समस्यांवर दहा मार्कांचा प्रश्न यायचा. समोर तेवीस वर्षांचा पुरुष उभा होता आणि मी त्याला दहा मार्कांचं उत्तर दिलं.

तो हसला. मग त्या रात्रीचं सांगू लागला, आणि पुढच्या दोन वर्षांत थोडं थोडं करत सगळं सांगत गेला. मी बुरख्यातली शिक्षिका, आयुष्यात कुठल्या बारची पायरी चढले नाही, चढणारही नाही. पण कुलाब्यातल्या दोन बारचं वर्णन मी डोळे मिटून करू शकते.

एक गोकुळ. गेटवेजवळ, ताज हॉटेलच्या मागच्या गल्लीत. साधा, स्वस्तातला रेस्टॉरंट-बार. तिथं सगळेच येत, बंदरावरचे कामगार, ऑफिसातले कारकून, पाठीवर बॅगा घेतलेले परदेशी. शनिवारी संध्याकाळी मात्र काही टेबलं ठरलेली असत आणि तिथं बसणारे एकमेकांना ओळखत. पाटी नाही, जाहिरात नाही. वेटरांना माहीत होतं, त्यांना बिलाशी मतलब. माझ्या भावाला गोकुळ आवडायचं, कारण तिथं जेवण मिळायचं आणि दारू न पिणाऱ्याकडे कोणी वाकड्या नजरेनं बघायचं नाही. तो पीत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. बारमध्ये जाऊन थम्सअप पिणारा माणूस, असं त्याचे मित्र त्याला चिडवत. (आमच्यातल्या काही वाचकांना त्याचं बारमध्ये जाणंच एवढं खटकेल की पुढचं खटकायला जागा उरणार नाही. त्यांनी थम्सअपवर थोडा दिलासा मानावा.)

दुसरं व्हूडू, आर्थर बंदर रोडवर. या जागेला आधीचाही इतिहास आहे. सत्तरच्या दशकात तिथं 'स्लिप डिस्क' नावाचा डिस्को होता. १९७२ साली लेड झेपेलिन या इंग्रजी बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना तिथं वाजवून-गाऊन गेले होते. पुढं त्याच जागेत व्हूडू आलं. इतर दिवशी तिथलं गिऱ्हाईक वेगळंच असायचं. पण नव्वदच्या दशकात शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची झाली, आणि मुंबईभर, मुंबईबाहेरही, हे तोंडी पसरलं. नाशिकला पसरलं, मालेगावलाही पसरलं. कळकट जागा, भाऊ सांगायचा. अंधार, सिगारेटचा धूर, चिकट फरशी, चालेल की नाही अशी एसी. आधी इंग्रजी गाणी. मग कधीतरी हिंदी गाणं लागायचं आणि बँकेत, एलआयसीत, जहाज कंपनीत नोकरी करणारे मिशीवाले बाप्ये माधुरीच्या आणि श्रीदेवीच्या एकूण एक अदा करून नाचायचे. "बाजी, इतना हँसते थे सब. तूने मर्दों को ऐसा हँसते देखा है कभी?" मी विचार केला. नव्हतं पाहिलं. आमच्या घरातले पुरुष शादीतही गालातल्या गालात हसतात.

दीडच्या सुमाराला दिवे लागत. दिवे लागले की लोक एकमेकांचे चेहरे न बघता बाहेर पडत, टॅक्सीत बसत. ज्यांना मुंबईत घर नव्हतं ते रेडिओ क्लबच्या बाजूला समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसत. पोलिसांची गाडी आली की उठायचं, गेली की परत बसायचं. चार वाजता चालत व्हीटी. म्हणजे 'दोस्त के यहाँ' मुक्काम म्हणजे हा कठडा होता. अत्तर तो संध्याकाळीच घेऊन ठेवायचा, दुकानं बंद व्हायच्या आत.

पोलिसांना भ्यायचं कारण कायद्यात होतं. भारतीय दंडविधान १८६० चं, त्यातलं ३७७ वं कलम. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला दहा वर्षांपर्यंत कैद, नाहीतर जन्मठेप. दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं असली तरीही. त्या कलमाखाली खटले फारसे चालत नसत, पण नाव घेऊन पाकीट रिकामं करता येत असे. शिवाय मुंबई पोलीस कायद्याचं ११० वं कलम होतं, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. त्यात काय बसेल ते हवालदार ठरवायचा. अशोक राव कवी या पत्रकारानं १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढलं, पुढं १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला, तेव्हा ही सगळी भीती डोक्यावर होतीच. हमसफरला सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्याच इमारतीत जागा मिळाली, एड्सच्या कामासाठी. कायदा ज्यांना गुन्हेगार म्हणत होता त्यांना महापालिका कंडोम वाटायला जागा देत होती. सरकार एकाच तोंडानं बोलतं असं मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवते, ते काही खरं नाही.

सगळ्यांना सगळी दारं उघडी नव्हती. पुढं नव्या पार्ट्या होऊ लागल्या, 'गे बॉम्बे'वाल्यांच्या, मोठ्या हॉटेलांतल्या. तिथं दारावरचा माणूस आधी बूट बघायचा आणि मग इंग्रजी ऐकायचा. माझा भाऊ दोनदा गेला, तिसऱ्यांदा नाही. "वहाँ मैं नासिकवाला था, व्हूडू में मैं बस मैं था." ज्यांच्याकडे व्हूडूच्या प्रवेशाचेही पैसे नसत त्यांच्यासाठी लोकलचा ठराविक डबा होता, स्टेशनची मुतारी होती, म्हणजे पोलीस आणि लुटारू होते. आणि बायकांसाठी यातलं काहीच नव्हतं. 'स्त्री संगम' नावाचा गट मुंबईत १९९५ मध्ये झाला, पण तो एकमेकींच्या घरी भेटायचा. रात्री दीड वाजता समुद्राच्या कठड्यावर बसायची चैन कुठल्या मुलीला परवडणार होती?

आता शिकागोबद्दल थोडं, कारण मी तिथं उर्दूच्या वाटेनं पोचले. इफ्तिखार नसीम हा उर्दू शायर. जन्म फैसलाबादचा, तेव्हाच्या लायलपूरचा. सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेला, शिकागोत महागड्या गाड्या विकायचा आणि गझल लिहायचा. त्याचा 'नरमान' हा संग्रह १९९४ चा. पुरुषानं पुरुषावर केलेलं प्रेम त्यात पडदा न टाकता आलं. २०११ मध्ये तो शिकागोतच वारला. त्याच्याविषयी वाचता वाचता त्या शहराच्या बारचा इतिहास वाचत गेले आणि माझ्या भावाचा कुलाबा तिथं जागोजागी दिसू लागला.

इलिनॉय हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, जिथं १९६१ मध्येच आपल्या ३७७ सारखा कायदा काढून टाकला. तरी १९६४ मध्ये शिकागोच्या वेशीवरच्या 'फन लाउंज' नावाच्या बारवर धाड पडली, शंभराहून जास्त लोक पकडले गेले आणि वर्तमानपत्रांत नावं छापून आली. त्यात शिक्षक होते. मी तिथंच थांबले. पकडलेला शिक्षक सोमवारी शाळेत कसा गेला असेल? गेलाच नसेल. मग १९७७ मध्ये 'वेअरहाऊस' उघडलं. बहुतेक काळी आणि लॅटिनो समलिंगी मुलं. फ्रँकी नकल्स हा डीजे रात्रभर तबकड्या वाजवायचा. आज शादीच्या वरातीत जे धाड-धाड 'हाऊस' संगीत वाजतं त्याला ते नाव या वेअरहाऊसवरून पडलं, हे आमच्या भद्रकालीतल्या डीजेवाल्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही. दोनच वर्षांनी, १२ जुलै १९७९ ला, त्याच शहरात बेसबॉलच्या मैदानावर पन्नासेक हजार लोकांसमोर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवला गेला. गंमत म्हणून. त्या तबकड्या कोणाच्या होत्या, त्यावर कोण नाचत होतं, हे उडवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही.

आणि सलीम किदवई. दिल्लीच्या रामजस कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवायचे, मूळ अवधचे. तरुणपणी पीएच.डी.साठी कॅनडात मॉन्ट्रियलला गेले होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये तिथल्या 'ट्रक्स' या बारवर पोलिसांनी बंदुका घेऊन धाड टाकली, १४६ जणांना पकडलं, त्यात हे होते. दुसऱ्या दिवशी दोनेक हजार लोक रस्त्यावर आले आणि डिसेंबरात क्विबेक प्रांतानं कायदा बदलला, लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी घातली. एका धाडीनंतर दोन महिन्यांत! किदवई मात्र त्या धक्क्यातून सहजी सावरले नाहीत, भारतात परतले. पुढं रूथ वनितांबरोबर त्यांनी भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचं जाडजूड संकलन केलं, ते २००० मध्ये आलं. त्यात संस्कृत आहे, फारसी आहे, उर्दू आहे. २०२१ मध्ये लखनौला ते गेले तेव्हा आमच्या उर्दू शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकानं 'इन्ना लिल्लाही' लिहिलं, बाकी कोणी काही लिहिलं नाही. मीही नाही.

"हे सगळं पश्चिमेकडून आलं" असं जेव्हा स्टाफरूममध्ये कोणी म्हणतं तेव्हा मला उर्दूचा तास आठवतो. गझलेतला महबूब व्याकरणानं पुल्लिंगी असतो. मुलं विचारतात, बाई, हा मुलगा का? आम्ही सांगतो, तो रिवाज आहे. बहुतेक वेळा असतोही. पण मीरच्या एका मशहूर शेरात अत्ताराचा पोरगा येतो, तो रिवाज नाही, तो पोरगाच आहे, आणि तो शेर आम्ही सगळेच वर्गात गाळतो. इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ'वर लाहोरला खटला भरला तो इंग्रजांच्या कोर्टात, इंग्रजांच्या अश्लीलतेच्या कायद्याखाली. ३७७ तर त्यांचंच. उस्मानी तुर्कांच्या १८५८ च्या दंडविधानात असा गुन्हाच नव्हता, आणि दोन वर्षांनी इंग्रजांनी तो आपल्यावर लादला. दीनमध्ये काय आहे ते मला कोणी सांगायची गरज नाही. मी नमाज-रोजाची पाबंद आहे, आणि आलिम नाही. मी फक्त एवढंच विचारते की कोठडी कुठून आली.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं.

२००५ मध्ये खालानं त्याच्या लग्नाचा विषय काढला. तो टाळत राहिला. शनिवारच्या फेऱ्या वाढल्या. खाला रडायची, खालूंची तब्येत बिघडली होती. मुलगी शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिक्षिका म्हणून माझ्या ओळखी होत्या. आणि मी शोधली. मालेगावची, डी.एड. झालेली, माझ्या एका सहकारी बाईंची धाकटी बहीण. हसरी, वाचणारी मुलगी. दोन्ही घरांच्या मध्ये मी उभी होते. तिच्या अम्मीनं मला विचारलं, "लडके में कोई ऐब तो नहीं?" मी म्हणाले, "पान सुद्धा खात नाही." खरं होतं ते. पुढचं मी बोलले नाही.

मला खरंच वाटलं होतं का, की टप्पा आहे, निघून जाईल? वीस वर्षांनी याचं प्रामाणिक उत्तर देते. नाही वाटलं होतं. गच्चीवर वाटलं असेल, पण तोवर मी दोन वर्षं त्याचं ऐकत होते. मला खालाचं रडणं थांबवायचं होतं, एवढंच.

तीन वर्षं लग्न टिकलं. त्यानं तिला कधी उंच आवाजात बोललं नाही. तिला एकटीला पलंगावर टाकून तो पुढच्या खोलीत कॉम्प्युटर उघडून बसायचा, सकाळपर्यंत. मोहल्ल्यातल्या बायका तिला विचारायच्या, अजून काही नाही का? मग त्याच बायका उपाय सांगायच्या, दर्ग्यात मन्नत मागायला लावायच्या. शेवटी तिनंच खुला मागितला, २००८ मध्ये. म्हणजे मेहरही सोडावी लागली. जाताना माझ्याकडे आली होती. जिन्यात उभी राहूनच विचारलं, "बाजी, तुम्हाला आधी माहीत होतं का?"

मी नाही म्हणाले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २ जुलै २००९ ला, दिल्ली हायकोर्टानं ३७७ ला कात्री लावली. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. मग ६ सप्टेंबर २०१८. मी दुसरा तास संपवून स्टाफरूममध्ये आले होते, फोन वाजला. तो तोवर मीरा रोडला राहायला गेला होता, तिथं स्वतःचं छोटं दुकान आहे. काही बोलला नाही, नुसता रडत होता. शेजारी एक सर पेपर वाचत बसले होते. मी म्हणाले, "हाँ, हाँ, मुबारक," आणि सरांनी विचारलं, कोणाकडे मुलगा झाला का? मी हो म्हणाले. पाहा, सवय कशी लागते.

गेल्या हिवाळ्यात मी एका प्रशिक्षणासाठी मुंबईला होते. तो मला आर्थर बंदर रोडला घेऊन गेला. व्हूडू बंद होऊन बरीच वर्षं झाली. जागा दाखवली त्यानं, मी बघितली, बघण्यासारखं काही नव्हतं. शिकागोच्या वेअरहाऊसला त्या शहरानं २०२३ मध्ये ऐतिहासिक वास्तू ठरवलं, आणि त्याआधीच तिथल्या रस्त्याला फ्रँकी नकल्सचं नाव दिलं होतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, इथं पाटी लावली तर आधी भाडेकरू भांडतील. आता पंचतारांकित हॉटेलांत राजरोस पार्ट्या होतात, नव्या पोरांना फोनवरच माणसं भेटतात, कठड्यावर बसावं लागत नाही. त्याला त्याचा आनंद आहे आणि थोडा हेवाही. अत्तराचं दुकान तेच होतं. खालासाठी मजमुआ घेतला.

त्याच वेळी मी त्याला म्हणाले, मी मालेगावला जाणार आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेरी तरफ से कुछ मत बोलना. मैं खुद बोल चुका हूँ, चिट्ठी लिखी थी." मला ते माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत गेले. तिचं दुसरं लग्न झालंय, दोन मुलं आहेत, शाळेत पर्मनंट आहे. नवरा बाहेर गेला होता. चहा ठेवला तिनं. मी सांगितलं, जिन्यात तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. मला माहीत होतं, लग्नाच्या आधीपासून.

ती कपबशा पुसत होती, पुसत राहिली. म्हणाली, "माहीत होतं मला, की तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघितलं नव्हतं." माफ केलं असं काही ती म्हणाली नाही आणि मी मागितलंही नाही, मागायचं धैर्य झालं नाही. दहावीच्या निकालांचं बोललो. धाकट्याला उर्दू माध्यमात घालू की सेमी-इंग्रजीत, असं तिनं विचारलं. मी माझं मत दिलं.

निघताना दारात म्हणाली, "एकदा लाइट गेली होती. मेणबत्ती लावून त्यानं स्वयंपाकघरात नाचून दाखवलं होतं मला. माधुरीचं. माझं पोट दुखलं हसून." मग थोडं थांबून, "अजून नाचतो का?"

मी म्हणाले, गुडघे दुखतात म्हणतो.